मार्लिसचं शून्य

मार्लिस टोलेफसनला त्या मंगळवारी दवाखान्यातून फक्त एक शून्य घरी न्यायचं होतं, आणि त्यात तिचा फायदा बराच होता. रविवारी नातवाचा बाप्तिस्मा, चर्चच्या तळघरात साठ माणसांचं जेवण, आणि चाळीस वर्षं मिरवलेलं ‘आमच्या घरात असलं काही नसतं’ हे वाक्य. सुनेचं डोकं बिघडलेलं निघालं तर तिन्ही बुडाली असती.

सून ब्रेना, म्हणजे मुलगा ट्रेंटची बायको, सहा आठवड्यांची बाळंतीण. आल्याआल्या तिला एक कागद मिळाला. गेला आठवडा मन कसं होतं, याचे दहा प्रश्न. उत्तर जितकं वाईट तितके गुण जास्त, प्रत्येकी शून्य ते तीन. ब्रेनाच्या हातात बाळ, म्हणून पेन मार्लिसने घेतलं.

“रडू येतं का? रडतं ते बाळ. हसू येतं का? येतं ना गं?”

ब्रेना हसली. बेरीज शून्य.

जोलीन स्कार्डा ही आमच्या भागात बाळंतिणींच्या मनाचं बघणारी एकुलती एक नर्स. तपासायचा आणि औषध लिहून द्यायचा अधिकार असलेली. बारा-तेरा गुणांनी ती गडबडत नाही. शून्य दिसलं, की मात्र खुर्चीमागे कोण उभं आहे ते बघते.

“तू आमच्या ट्रेंटच्या वर्गातली, तुला काय सांगायचं,” मार्लिस म्हणाली. “हिला कसला त्रास? मी आहे ना. मला चार तास झोप पुरते. चार पोरं एकटीने वाढवली.”

जोलीनने ते मनात टिपून ठेवलं आणि बाळाचं वजन करून आणायला तिलाच पाठवलं. नातवाचं वजन चारचौघांत सांगायची संधी मार्लिस थोडीच सोडते.

दार लागलं. कशी आहेस, हे जोलीनने विचारलंच नाही. आमच्या मिनेसोटात घर जळत असलेला माणूसही त्यावर ‘बरंय’ म्हणतो.

“जिना, सुरी की बाथटब?” तिने विचारलं.

ब्रेनाचा चेहरा पांढरा पडला.

“बऱ्याच आयांना काही ना काही दिसतं. बाळ पडताना, बुडताना. तुला काय दिसतं?”

“जिना,” ब्रेना म्हणाली. “त्याला घेऊन मी बसूनच उतरते. एकेक पायरी, ढुंगणावर. पाठ दुखते असं सांगितलंय घरी.”

बाळाला खरंच खाली टाकावंसं वाटतं का, तसं करायला कुणी सांगतंय असं ऐकू येतं का, जीव द्यावासा वाटतो का, हेही जोलीनने सरळ विचारून घेतलं. नाही, नाही आणि नाही.

“सांगितलं असतं तर तुम्ही माझं बाळ काढून नेलं असतं,” ब्रेना म्हणाली.

“हे दिसून जिला घाम फुटतो, तिचं बाळ कुणी नेत नाही. तिला आधी झोपू देतात.”

मग अंगावर पाजताना चालणारी एक गोळी, पुढच्या मंगळवारी पुन्हा भेट, आणि रोज रात्री दहा ते तीन सलग झोप, असं लिहून झालं. सासूला मी सांगू का, असं जोलीनने विचारलं. ब्रेना म्हणाली, मीच सांगते.

मार्लिस साडेअकरा पौंडांची बातमी घेऊन आली. ब्रेनाने तिच्यासमोर नवा कागद भरला. सतरा.

मार्लिसने आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. “रविवारी साठ माणसं येणारेत गं.”

“चर्चला येईन. जेवणाच्या वेळी मी झोपलेली असेन.”

“रात्री दहा ते तीन बाटली द्यायला माणूस लागेल,” जोलीन म्हणाली. “चार तासांत ज्याची झोप भागते, असं माणूस घरातच असणं म्हणजे केवढं नशीब.”

मार्लिसने रात्रीला बाटल्या किती लागतील ते विचारून घेतलं.

महिन्याभराने हिशेब असा होता. ब्रेनाचे गुण आठवर आले आणि ती कठडा धरून, पायांनी जिना उतरू लागली. चर्चच्या तळघरात जेवून गेलेल्या मंडळींना सोमवारीच सगळं कळलं होतं. त्यांतल्या दोघींनी गुपचूप जोलीनचा नंबर नेला. मार्लिसने एकोणीस रात्री भरल्या. विसाव्या रात्री बाटली हलवताना तिला भिंतीपलीकडून घोरणं ऐकू आलं. बाळ झाल्यापासून ट्रेंट वेगळ्या खोलीत सलग झोपत होता, आणि त्याला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. तिने जाऊन दिवा लावला, मुलाला हलवून उठवलं, आणि बाळ व बाटली दोन्ही त्याच्या हातात दिली. पुढच्या सगळ्या रात्री ट्रेंटने भरल्या.