पनीरची तंगडी

आष्ट्याच्या प्राची मगदूमचे दंड अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले होते, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकून ती टीव्हीवर आली, त्याला सहा वर्षं झाली. चार मालिका, दोन सिनेमे, आणि काम एकच. खलनायकाच्या मागे हाताची घडी घालून उभं राहायचं, वेळ आली की कुणालातरी उचलून आपटायचं. बोलायला बाकीचे होतेच.

यंदा मात्र नशीब उघडलं. शिरवळच्या एका बंद कारखान्यात सिनेमाचं शूटिंग होतं आणि तिला चक्क संवाद होता. खुर्चीला बांधलेल्या हिरोसमोर कोंबडीची तंगडी फाडत म्हणायचं, "हाडं मोजून ठेव. माघारी मिळायची न्हाईत." आठ दिवस ती हे घोकत होती. तंगडीचं कळलं ते सेटवर आल्यावर.

"सर, मी जैन आहे," ती दिग्दर्शक वीरधवलला म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यांकडे पाहिलं. "मग हे सगळं कशावर?"

"शेंगदाणे, मटकी, पनीर."

"मग तंगडीही पनीरची करू. रंग लावला की कुणाच्या बापाला कळणार नाही!"

सगळे खूश झाले. प्राची मात्र अडकली. लहानपणी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, तिने ऐकलं होतं की एका राजाने पिठाचा कोंबडा कापला, तरी पाप खऱ्या कोंबड्याचंच लागलं. नाही म्हणावं तर संवाद दुसरीला जाणार. हो म्हणावं तर आईला काय तोंड दाखवायचं? पोरगी चोरून अंडी खात असणार, असं म्हणणाऱ्या निम्म्या गावाशी ती बिचारी दहा वर्षं एकटी भांडत होती.

प्राचीने आईला फोन लावून एका दमात सगळं सांगितलं.

"मागच्या सिनेमात दोघांचा गळा दाबलास," त्रिशलाबाई म्हणाल्या, "तवा मी पोलिसात गेलते व्हय?"

"आई, ते खोटं होतं."

"आन ही तंगडी खरी हाय?"

"पण तो पिठाचा कोंबडा..."

"राजानं कोंबडा म्हणून कापला. तू काय म्हणून खाणार?"

"पनीर म्हणून."

"मग खा की! गावाला काय सांगायचं त्ये मी बघते. धा वर्सं भांडले, अजून धा वर्सं भांडीन. पर तुझा आवाज पडद्यावर ऐकल्याबिगर मी मरायची न्हाई."

फोन ठेवता ठेवता आई ओरडली, "आन दिवस मावळायच्या आत उरक गं!"

हे बाकी प्राची विसरलीच होती. साडेपाच वाजून गेले होते आणि लाइटवाले अजून दोन तास मागत होते.

"सर, दिवस मावळल्यावर मी काहीच खात नाही," ती म्हणाली. "आत्ता घ्या, नाहीतर उद्या."

सहा वर्षांत सेटवर तिने पहिल्यांदाच कुणाला काही सुनावलं होतं. वीरधवल घड्याळ बघून लाइटवाल्यांवर खेकसला.

साडेसहाला कॅमेरा सुरू झाला. प्राचीने तंगडी फाडली, निवांत चावली आणि हिरोच्या डोळ्यांत बघत वाक्य टाकलं. तो आवाज पत्र्याच्या छतावरून घुमून परत आला. हिरो आपला संवाद साफ विसरला.

"सॉरी सर, पुन्हा घेऊ," हिरो म्हणाला.

वीरधवलने दारातून बाहेर पाहिलं. सूर्य डोंगराआड गेला होता.

"पुन्हा नाही," तो म्हणाला. "तुझा संवाद काढून टाकू. तिचा राहील."