बेकार व्हायला निघालेला अभिमन

अभिमन बी.ए. होऊन तीन वर्षं झाली होती. जळगावच्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेलं, पण बोलावणं काही येईना. त्यामुळे ब्याण्णवच्या हिवाळ्यात, अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी बेकारी मोजायला सरकारी माणूस आल्याचं कळताच तो इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला.

"गेल्या आठवड्यात काय काम केलं?" पाहणीवाल्या पंडितने विचारलं.

"काहीच नाही. मी बेकार आहे."

त्याची आई झुंबरबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "बेकार? मंग म्हैसले पानी कोन पाजस?"

"माय, ते घरनं काम शे!"

"घरचं असलं तरी कामच," पंडित म्हणाला. "आठवड्यात एक तास केलं, तरी बेकार लिहिता येत नाही."

अभिमन उसळला. "पेपरात वाचलं मी, इंग्लंडात लाखो बेकार आहेत. आपल्याकडे गल्लोगल्ली पोरं रिकामी, अन् सरकारी आकडा एवढासा!"

"तिथं नाव नोंदवलं की सरकार भत्ता देतं. मनासारखं काम मिळेपर्यंत माणूस थांबू शकतो."

"आठे कोन देस?" झुंबरबाई म्हणाली.

पंडित आठवड्याने परत येऊन मधल्या आठवड्याचं पुन्हा विचारणार होता. बेकारांत नाव लागावं म्हणून तोवर काडीही हलवायची नाही, असं अभिमनने ठरवलं. तो बाजेवर आडवा झाला. झुंबरबाईने मुकाट्याने म्हशीला पाणी पाजलं आणि संध्याकाळी स्वतःपुरत्याच भाकरी थापल्या.

"मनी भाकर?"

"तुना भत्ता सरकार धाडी."

दीड दिवस त्याने शेंगदाण्यांवर काढला. मग दुपारी ठेच्याचा वास नाकात शिरला, तेव्हा त्याने हिशोब केला: पन्नास मिनिटं काम केलं तर जेवणही मिळेल आणि बेकारीही शाबूत राहील. घड्याळ बघून त्याने म्हैस सोडली. नाल्यावर पाणी पिऊन झालं, अठ्ठावीस मिनिटं झाली, आणि म्हैस उधळून थेट शेजारच्या शेतात, झुलालआबांच्या हरभऱ्यात घुसली. तिला बाहेर काढेपर्यंत दीड तास गेला. वर आबांच्या शिव्या.

घरी आला तेव्हा ताटात तीन भाकरी होत्या. लोणचंही.

आठवड्याने पंडित आला. खोटं बोलावं असं अभिमनला क्षणभर वाटलं. मग तोच हसला.

"दीड तास," तो म्हणाला. "लिहा, कामावर आहे. पण साहेब, पुढच्या पाहणीला माणसं लागतील ना? अर्ज कुठे करायचा?"

पंडितने फॉर्मच्या मागच्या कोऱ्या कागदावर धुळ्याच्या पाहणी कार्यालयाचा पत्ता लिहून दिला.