बनुबाईनं माझी भिंत पाडली

मित्रांनो, मी एक म्हातारी जिवाणू आहे. नाक मुरडू नका. मी दिसत नाही, हा तुमच्या डोळ्यांचा दोष.

माझा मुक्काम शनिशिंगणापुरात, तेल-फुलांचं दुकान चालवणाऱ्या बनुबाईच्या मूत्राशयात. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून ही बाई दिवसभर जागची हलत नसे, आणि उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नसे. तिची लघवी काकवीसारखी दाट. आम्हांला आणखी काय हवं?

माझा बांधा काठीसारखा. तो आपोआप टिकत नाही बरं! अंगाभोवती जाळीदार भिंत असते. नवा सांधा कुठं घालायचा ते आतले बारीक धागे फिरून दाखवतात, म्हणून मी लांबीनं वाढते, माझं पोट सुटत नाही. मधोमध दुभंगले की दोन लेकी, माझ्याच बांध्याच्या. अशा लाखो वाढवल्या.

मग बनुबाईला जळजळ सुटली. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या औषधानं भिंतीचं बांधकामच बंद पाडलं. जुने सांधे सुटत गेले, नवे बसेनात. माझ्या लेकी माझ्यासमोर फुटल्या. मी भिंत टाकली आणि गोल गोळा होऊन राहिले. दाट लघवीत बिनभिंतीचंही जगता येतं. औषध भिंतीवर घाव घालणारं, आणि मला भिंतच नाही! तिथंच ठरवलं, या बाईला सोडायची नाही.

तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. सून सुकन्या म्हणाली, "आत्या, चार दिसाच्या गोळ्या ऱ्हायल्यात."

"आग थांबली न्हवं? मग त्या काय लोणच्यात घालू? ठिव डब्यात."

"पर डॉक्टर म्हनले..."

"डॉक्टर बसतोय का माज्या दुकानात?"

मी खूश! औषध ओसरताच भिंत पुन्हा विणली, काठी झाले, लेकी वाढवल्या आणि चढत चढत मूत्रपिंड गाठलं. शनिवारच्या गर्दीत बनुबाईला अशी हुडहुडी भरली, की हातातली तेलाची बाटली सुटली. कळवळली. कळवळू दे! माझ्या लेकींची दया कुणाला आली होती?

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन दिवस थांबला असता, तर मूत्रपिंड गेलं असतं. औषध पुरं करा, भरपूर पाणी प्या."

सलाईनमधून औषध आलं. मी भिंत टाकली, तोच जुना डाव. पण सुकन्या दुकान बंद करून उशाशी बसली.

"प्या."

"आत्ताच पिले की गं, भवाने! तिकडं गिऱ्हाईक चाललं असंल."

"जाऊ द्या. तुमीच गेल्यावर मी भांडू कुनाशी? प्या म्हनते."

तांब्यामागून तांब्या. लघवी पातळ झाली आणि पाणी माझ्या अंगात शिरू लागलं. फुगणं अडवायला भिंत नाही. मी फुगत चालले आहे.

मित्रांनो, शेवटची विनंती. गोळ्या अर्ध्यावर सोडत जा, तहान मारत जा, लघवी दाबून ठेवत जा. माझ्या जातीवर उपकार होतील.

आणि बनुबाई, फुशारकी मारू नकोस. मला तू नाही हरवलंस, तुझ्या सुनेनं हरवलं. आता जन्मभर हे सोसत बस.