वाऱ्याबरोबर सरकणारा थवा

शेवगाव तालुक्यात जायकवाडीचं पाणी जिथं टेकतं, तिथं चांगुणा आणि सहादेव या नवरा-बायकोची होडी आहे. दोघं मिळूनच मासेमारी करतात. त्या दिवशी मात्र चांगुणा बाजाराला गेली होती, म्हणून सहादेव एकटाच जाळी उचलायला गेला. ती परतली तेव्हा दुपार कलली होती आणि होडी किनाऱ्याला नव्हती. मोबाईल लागेना. उगवतीचं वारं चांगलंच वाढलं होतं. चांगुणानं भाकरीचा डबा घेतला आणि शेजारच्या गहिनीनाथला त्याची होडी काढायला लावली.

पाण्याच्या मधोमध आल्यावर चहूकडे नुसत्या लाटा. त्यात बुटकी होडी लांबून दिसायची नाही.

"वहिनी, कुटं बघायचं?" गहिनीनाथनं विचारलं.

"वर बघ. कुरव कुटं जमल्यात ते बघ."

थंडीत ही समुद्रकाठची पाखरं इथंही उतरतात. एकाला मासा दिसून ते खाली झेपावलं, की त्याचे पांढरे पंख लांबूनही इतरांना दिसतात आणि सगळी तिकडं धावतात. होडीतून मासे टाकले तरी तसंच.

उजव्या हाताला मोठा थवा दिसला. पाखरं धडाधड पाण्यात झेपावत होती. गहिनीनाथनं होडी वळवली.

"तिकडं न्हाई," चांगुणा म्हणाली. "त्यो थवा वाऱ्याच्या तोंडाला चाललाय. खाली मासळी पळतीया. यांचं इंजिन चालू असतं तर घरी आले असते. बंद होडी वाऱ्याबरोबरच वाहती. मावळतीला घे."

"आन तिकडं काय नसलं तर? दिवस बुडंल."

"हायेत. तू घे."

बऱ्याच वेळानं मावळतीकडं पाच-सहा ठिपके दिसले. ते घिरट्या घालत होते, आणि घिरट्या घालता घालता वाऱ्याबरोबर हळूहळू पुढं सरकत होते. मधूनच एखादा कुरव खाली यायचा, की पुन्हा वर.

"ह्येच," चांगुणा म्हणाली.

जवळ गेल्यावर होडी दिसली. सहादेव उभा राहून जाळ्यातला एकेक चिलापी मासा हवेत उडवत होता. जुनं जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंतलं होतं, ते सोडवताना वल्हं मोडलं होतं आणि मोबाईल भिजला होता.

गहिनीनाथ दोरी बांधू लागला. चांगुणा नवऱ्याच्या होडीत उतरली.

"भ्याला हुता का?"

"पैल्यांदा लई. मग म्हटलं, कुरव बोलवावं. तू निघाली असशील तर त्यांच्याकडंच बघशील."

डबा उघडून चांगुणानं भाकरी त्याच्या हातावर ठेवली. तो खाऊ लागला, तशी ती तोंड फिरवून किनाऱ्याकडं बघत बसली.