सी. रोकडे, क्लॅरनेट

"हे गावच्या बँडवाल्याचं काम नाही," बर्वे म्हणाले आणि चहा तसाच ठेवून त्यांनी टेप पुन्हा मागे नेली. "ऐका, आगाशे. ही किंकाळी ऐका. मुद्दाम काढलेली आहे. अमेरिकेत हे तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. इथल्या माणसाला सुचणार कुठून?"

"पण कव्हरवर नाव छापलंय," आगाशे म्हणाले. "सी. रोकडे, क्लॅरनेट."

"टोपणनाव. दुसऱ्या हॉटेलशी करार असलेले लोक सर्रास दुसऱ्या नावानं वाजवायचे. हा गोव्याचाच कुणीतरी आहे, मी आठ वर्षं सांगतोय."

द्रौपदा दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. महाळुंगे पडवळच्या पंचक्रोशीत चोवीस वर्षं नर्स म्हणून फिरलेल्या बाईला, आपण समोर असताना आपण नसल्यासारखं बोललं जाण्याची सवय होती. मोठे डॉक्टर असंच बोलत. हे दोघे पुण्याहून आले होते. बर्वे बँकेतून निवृत्त झालेले, आगाशे कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे. दोघांना जॅझचं वेड. मुंबईच्या हॉटेलांतून जुन्या काळी वाजलेलं जॅझ, त्याच्या रेकॉर्डी, कुठल्या रेकॉर्डवर कोण काय वाजवतं, याची सगळी यादी ते पुस्तकात छापणार होते. सदुसष्ट सालच्या एका रेकॉर्डवरचा हा सी. रोकडे तेवढा अडला होता. वादकांच्या जुन्या वहीत आगाशेंना त्याचा पत्ता सापडला आणि रविवार धरून ते गाडी घेऊन आले. द्रौपदेचा नवरा चांगदेव रोकडे जाऊन सात वर्षं झाली होती.

भिंतीवर त्याचा फोटो होता. बँडचा लाल कोट, खांद्यावर पिवळे गोंडे, हातात क्लॅरनेट. बर्व्यांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"या पोशाखात," ते म्हणाले आणि जरासे हसले. "आगाशे, याला जॅझमधला स्विंग म्हणजे काय ते तरी ठाऊक असेल का?"

द्रौपदेनं कपबश्या उचलल्या.

"हे यांनी वाजवलेलं न्हाई," ती म्हणाली.

"बघा," बर्वे म्हणाले.

"आन् गोव्याच्या मानसानंबी न्हाई. निमगाव सावाच्या धर्माजीनं वाजवलंय. मी व्हते तिथं."

ती तेव्हा अठरा वर्षांची होती, लग्नाला वर्ष झालेलं. भायखळ्याच्या एका खोलीत ती, चांगदेव आणि धर्माजी राहत. धर्माजी निमगावच्या बड्या बागाईतदाराचा मुलगा. गिरणीत लागतो असं सांगून घरून आला आणि चांगदेवाकडे क्लॅरनेट शिकायला बसला. वर्षभरात गुरूच्या पुढे गेला. हे चांगदेवच कौतुकानं सांगायचा. तो द्रौपदेला वयनी म्हणायचा, तिच्या हातचं जेवायचा. गावी मात्र यातलं काहीही कळू द्यायचं नव्हतं. बौद्धांच्या पोराबरोबर एका ताटात जेवतो हे नको, आणि बँडवाल्यांचं वाद्य तोंडाला लावतो हे तर त्याहून नको.

रेकॉर्डिंगच्या दिवशी चांगदेवाला टायफॉइडचा ताप होता. द्रौपदा त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. धर्माजी त्याचीच क्लॅरनेट घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आल्यावर म्हणाला, "तुझंच नाव सांगितलंय, चांगदेव. माझं नगं." त्यानंतर तीन महिन्यांनी त्याचा बाप येऊन त्याला घेऊन गेला. पुन्हा त्यानं ओळख दाखवली नाही.

पुढे चांगदेवही गावी परतला आणि लग्नाचा बँड चालवू लागला. एकदा निमगावची सुपारी आली. लग्न धर्माजीच्याच भावकीतलं. दुपार कलल्यावर बँडवाले हात धुऊन पंगतीच्या कडेला उभे राहिले, तेव्हा मांडवातून धर्माजीच ओरडला, "बँडवाल्यांना मागून वाढा." चांगदेवानं घरी येऊन ते सांगितलं ते हसत हसत. द्रौपदेला त्या हसण्याचा राग आला होता. धर्माजीबद्दल मात्र राग असा आला नाही. फुटलेल्या गळवातून काय बाहेर येतं हे नर्सला ठाऊक असतं. तशीच किळस आली.

एवढं सगळं तिनं त्या दोघांना सांगितलं नाही. तापाचं आणि नावाचं सांगितलं. आगाशेंनी ते लिहून घेतलं आणि जाऊन विचारू या म्हणाले. बर्वे कुरकुरत गाडीत बसले, वाट दाखवायला द्रौपदाही बसली. वाटेत तासभर दोघे एका ड्रमवाल्याच्या नावावरून भांडत होते. तो माणूस मेला कसा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कुठल्या रेकॉर्डवर तो आहे आणि कुठल्या नाही, एवढंच.

धर्माजी ओट्यावर खुर्चीत बसला होता. पांढरा सदरा, टोपी, गुडघ्याला पट्टा. शेजारी त्याचा मुलगा आदेश उभा होता. आदेश त्या वर्षी पंचायत समितीला उभा राहणार होता आणि दारात गाडी थांबली की तो हात जोडूनच बाहेर यायचा. पाहुणे कशासाठी आले हे कळल्यावर त्याचे हात सुटले.

"बँड?" तो म्हणाला. "काका, तुमची कायतरी चूक व्हतीय. आमच्यात कुनी बँडबिंड वाजवत न्हाई."

"ह्या कोण बाई?" धर्माजीनं विचारलं.

द्रौपदा ओट्याखाली उभी होती. वर या असं कुणी म्हटलं नव्हतं.

"चांगदेव रोकडेची बायको," ती म्हणाली. "भायखळ्याची."

"मी गिरणीत व्हतो. भायखळा मला म्हाईत न्हाई."

आगाशेंनी टेप लावली. ओट्यावर ड्रम, पियानो आणि त्यावरून वळत जाणारी क्लॅरनेट. आतून नात संस्कृती धावत आली आणि आईनं हाक मारल्यावर परत गेली. धर्माजी भिंतीकडे बघत ऐकत होता. ती किंकाळी आली तसे बर्वे पुढे वाकले.

"इथं," ते म्हणाले. "हा आवाज कसा काढला असेल असं वाटतं तुम्हाला?"

"काढला कशाचा," धर्माजी तुच्छतेनं म्हणाला. "फाटलाय त्यो. वाद्याच्या तोंडाची पत्ती तडकल्याली व्हती. दुसरी आणून दिली असती तर साफ लागला असता सूर. ह्याला काय वाजवणं म्हणत्यात?"

आदेशनं त्याच्याकडे पाहिलं. धर्माजी उठला. "गाईंना पानी पाजायचंय," असं म्हणून लंगडत मागच्या अंगाला निघून गेला.

गाडीत बसल्यावर बर्वे बराच वेळ हसत होते. "पत्ती तडकलेली म्हणे. जगातल्या तीन तज्ज्ञांनी त्या स्वरावर लिहिलंय आणि हे पाटील म्हणतात, फाटलाय."

"सायेब," द्रौपदा म्हणाली, "पत्ती तडकल्याली व्हती हे तिथं असनाऱ्या मानसालाच ठावं. ते सांगून गेले की तुमाला."

"बाई, तो स्वर मुद्दाम काढलेला आहे," बर्वे म्हणाले. "तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

आगाशेंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं, हे तिला दिसलं. पण कळंबच्या पुढे त्यांनी फक्त एवढंच विचारलं की चांगदेवचा फोटो देता का. तिनं दिला नाही.

पुस्तक पुढच्या मार्चमध्ये टपालानं आलं. एकशे बाराव्या पानावर, कव्हरवरचंच नाव धरून, चांगदेव रोकडे, महाळुंगे पडवळ, असं छापलं होतं. खाली बारीक अक्षरांत, सदर वादकाच्या स्वरप्रयोगावर बर्वे यांचा दीड पानाचा मजकूर. धर्माजीचं नाव कुठंच नव्हतं. तिनं दोनदा पाहिलं.

वस्तीत बातमी पसरली. जयंतीच्या तयारीला जमलेली पोरं घरी आली. त्यांचा पुढारी संघर्ष, मंचरला वकिलाकडे काम करणारा, शहाणा मुलगा.

"मावशी, यंदा स्टेजवर चांगदेवकाकांचा फोटो लावतोय आम्ही. तुमचा सत्कार करायचाय."

"लावू नका. ते यांनी वाजवलं न्हाई."

त्यांना तिनं सगळं सांगितलं, भायखळ्यापासून. संघर्ष खाली मान घालून ऐकत होता.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "आपल्या माणसांनी आजवर केलेलं किती काम दुसऱ्यांच्या नावावर गेलं. एकदा उलटं झालं तर काय बिघडलं? आणि त्या माणसाला तर ते नकोच आहे."

"त्याला नगं हाय म्हणून त्याचं उष्टं आपण घ्यायचं व्हय? पंगतीला मागून वाढलं तवाबी हे उपाशी घरी आले, पन तिथं जेवले न्हाईत. आता मेल्यावर तुमी जेवायला बसवता त्यांना?"

पोरं उठून गेली. फोटो लागला नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, नवऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं चार बायका बोलल्या. शेजारच्या सखूबाईनं ते तिला येऊन सांगितलंही. द्रौपदेनं तिला चहा दिला आणि दुसरा विषय काढला.

मे महिन्यात ती स्वप्नाकडे, मुलीकडे निघाली होती. स्वप्नाला निमगावच्या पुढच्या गावी दिलेलं. नारायणगावच्या स्टँडवर एसटी लागली तशी तिनं खिडकीची जागा धरली आणि पिशवी शेजारी ठेवली. गाडी भरत आली तेव्हा धर्माजी चढला. काठी टेकत, एकेक पायरी चढून. तिच्या सीटपाशी आला आणि थांबला.

"वयनी," तो हळू आवाजात म्हणाला. सदतीस वर्षांनी म्हणाला. "छापलं का नाव त्याचं?"

"छापलं."

"बरं झालं."

"काय बरं झालं? तुमची लाज झाकली, येवढंच. त्यांना कुनाचं नाव लागत नव्हतं."

 गाडी सुरू झाली, तसा धर्माजी हेलपाटला आणि त्यानं वरचा दांडा धरला. त्याचा पट्टा बांधलेला गुडघा थरथरत होता. तिला ते दिसलं. चोवीस वर्षं तिनं माणसांचे दुखरे हातपायच पाहिले होते. तिनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली.

धर्माजीनं मान वळवून मागे पाहिलं. गाडीत निमगावची सात-आठ माणसं होती. एकानं तिथूनच रामराम घातला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "जवळच तर उतरायचंय."

निमगावला अजून पाऊण तास होता. द्रौपदा थोडा वेळ थांबली. मग तिनं पिशवी पुन्हा शेजारच्या जागेवर ठेवली, पडू नये म्हणून तिचे बंद हाताला गुंडाळले, आणि बाहेर बघू लागली.