काळं तेल आणि लिंबाचं पाणी

परबांच्या घरात बाकी काही टिकलं नसेल, पण केस टिकले. सासरे दशरथ परब गिरणीतून निवृत्त झाले, पुढे वारले, तेव्हासुद्धा त्यांच्या डोक्यावर रान माजलेलं होतं. त्यांचा मुलगा जयवंत चाळिशीला टेकला तरी महिन्याला एक कंगवा मोडायचा. आणि सून क्षमा मुलुंडहून आली तीच गुडघ्याला लागणारी काळीभोर वेणी घेऊन. सासू सोनूबाई तिला बघायला गेल्या तेव्हा म्हणे त्यांनी मुलीचं शिक्षणसुद्धा विचारलं नाही, नुसता शेपटा बघितला आणि पोह्यांची बशी उचलली.

अशा घरात माणिक आली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा जयवंत आणि क्षमाने एका आश्रमातून तिला मांडीवर घेतली. सोनूबाईंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "आणा." या एका शब्दात आनंद होता की नाइलाज, ते क्षमाला पाच वर्षं कळलं नव्हतं. विचारायची छाती झाली नव्हती. माणिक गव्हाळ, हसरी, हट्टी. सगळं इतर मुलांसारखंच. फक्त केस पिंगट. कणसाच्या तुऱ्यासारखे.

लालबागच्या चाळीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नसे. पण मग ही मंडळी बोरिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. इथे कोणालाच काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येक बाई जिन्यात थांबवून विचारायची, पोरगी कोणावर गेली हो? क्षमा हसून वेळ मारून न्यायची. पण माणिकला कान होते.

एके दुपारी क्षमा आरशासमोर वेणी घालत होती. माणिक शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, माझे केस कोणाचे?"

"माझेच की गं."

माणिकने तिच्या वेणीचं टोक हातात घेतलं, निरखून बघितलं आणि अलगद खाली ठेवून दिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं क्षमाला वाटलं.

माणिकला खरं सांगायचं, हे नवरा-बायकोचं आधीपासून ठरलेलं होतं. पण ते समजण्याच्या वयात आणि आपल्या तोंडून. पाच वर्षांच्या पोरीला ते जिन्यातल्या बायकांकडून कळावं, हे क्षमाला सोसणार नव्हतं. जूनमध्ये शाळा सुरू होणार. तिथे तर शंभर तोंडं. तेव्हा क्षमाने मनाशी ठरवलं की पोरीचे केस माझ्यासारखे नाहीत ना, मग माझे तिच्यासारखे करते.

स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये जायची तिची हिंमत नव्हती. तिथून निघाली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला खबर. एका साप्ताहिकात मात्र 'केसांना नैसर्गिक सोनेरी छटा, घरच्या घरी' असा मजकूर छापून आला होता. लिंबाचा रस पाण्यात मिसळून केसांना लावायचा, वर थोडा मध, आणि उन्हात बसायचं. बाबुन्याची फुलं उकळून त्या पाण्याने केस धुवायचे. क्षमाने काष्ठौषधीच्या दुकानातून वाळका बाबुना आणला आणि मे महिनाभर ती गच्चीवर पापडांची राखण करायला बसली. कधी नव्हे ती सून पापडांना इतकी जपतेय म्हणून शेजारणींना कौतुक वाटलं. जयवंतला मात्र तिने सांगितलं होतं. तो म्हणाला, सरबत डोक्यावर ओतण्यापेक्षा मला दिलंस तर पुण्य लागेल. मग त्याने तिचा चेहरा बघितला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून बाजारातून लिंबं घेऊन आला.

महिन्याभरात क्षमाचं नाक भाजलं, मान करपली, कपाळ ठणकायला लागलं. केस राठ झाले, पण पिंगट काही होईनात. उन्हात धरले तर टोकाला जरा तांबूस झाक दिसायची, घरात आलं की पुन्हा काळेच.

त्यात रविवार आला की तिचं डोकं आणखी तापायचं. सोनूबाई दर रविवारी घरात तेल कढवायच्या. माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा. लोखंडी कढईत रटरटून ते डांबरासारखं काळं व्हायचं. पूर्वी त्या माणिकच्या डोक्याला साधं खोबरेल लावायच्या. बोरिवलीला आल्यापासून मात्र तिला धरून बसवायच्या आणि हेच काळं तेल असं रगडायच्या की पोरगी कळवळायची. क्षमा बघायची आणि ओठ चावायची. पोर आहे तशी यांना चालत नाही, तिचा रंग यांना पुसून काढायचाय, हेच तिच्या मनाने घेतलं होतं. मी एकीकडे उन्हात जीव जाळतेय, आणि ह्या दुसरीकडे. बोलून दाखवण्याची सोय नव्हती. बोललं की 'आणा'चा अर्थ कळणार, आणि तो कळलेला तिला नको होता.

शाळा तोंडावर आली तेव्हा तिने शेवटचा उपाय म्हणून मेंदी घेतली. माहेरी, सासरी, सगळीकडे मेंदी एकाच पद्धतीने भिजते. लोखंडी कढई, चहाचं पाणी, रात्रभर मुरत ठेवायची. हात चालतात तसे चालले, विचार कोण करतो? सकाळी तिने ती थापली, दुपारी धुतली आणि मोरीतच केस पिळून बघितले. ते आधीपेक्षा काळे झाले होते. लोखंडात मेंदी काळी पडते हे अख्ख्या कोकणाला ठाऊक, तिलाही ठाऊक. पण नेमकं त्या दिवशी आठवलं नव्हतं. ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सोनूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी क्षमाचे राठ केस हातात घेतले, मग तिचं भाजलेलं नाक बघितलं. गच्चीवरच्या पापडांचा हिशोब त्यांना तेव्हा लागला असावा.

"कित्या गो जाळतंस हे केस? चेडवासाठी?"

हो, पोरीसाठीच, अशी क्षमाने मान हलवली.

"मी चेडवाक तुझ्यासारखा करूक बघतंय, आणि तू चेडवासारखी होऊक बघतंस. दोघांनी मिळान त्या पोराचो जीव खाल्लो." त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं. "खरा काय ता मोठा झाला काय सांगूया. आता तेका घर होया."

पोरीला घर हवं, एवढाच 'आणा'चा अर्थ होता; तो क्षमाला असा पाच वर्षांनी मोरीत बसून कळला. तिने सासूच्या पोटाला घट्ट मिठी मारली. ओल्या केसांनी लुगडं भिजलं, पण त्या हलल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, काळ्या केसांवर कसला रंग चढतोय? रंग चढतो तो पिकल्या केसांवर. आणि मातीच्या मडक्यात, नुसत्या पाण्यात मेंदी भिजवायला सांगितली. कोणासाठी ते क्षमाला चटकन उमगलं नाही. उमगलं तेव्हा ती घाबरली. दशरथ गेल्यापासून सोनूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं नव्हतं की केसात फूल माळलं नव्हतं. पांढरं डोकं पदराखाली झाकून त्या वावरायच्या. ती म्हणाली, आई, लोक नावं ठेवतील. सोनूबाईंनी अंबाडा सोडला आणि पाटावर बसल्या.

शाळेच्या पहिल्या दिवशी त्या माणिकचा हात धरून जिना उतरल्या, तेव्हा डोक्यावर पदर नव्हता. तांबूस पिंगट अंबाडा साऱ्या बिल्डिंगने बघितला. माणिक प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत होती की मी आजीवर गेलेय, आई सांगते तसं नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग हसू दाबलं. पण त्यानंतर कोणी कधी विचारलं नाही.

महिन्याभरात बातमी मानखुर्दला पोचली. तिथून सोनूबाईंचे दीर राजाराम तावातावाने आले. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सुरू केलं, वहिनी, दादाच्या मागे, या वयात, हे काय थेर? गावाकडे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. जावांमध्ये हसं झालंय.

क्षमा स्वयंपाकघराच्या दारात होती. सगळं सांगून टाकायला तिने तोंड उघडलं. पण माणिक तिथेच आजीच्या मांडीवर बसून पाटीवर गिरवत होती. सोनूबाईंनी सुनेकडे एकदाच बघितलं. मग पोरीचे केस कानामागे सारत त्या दिराला म्हणाल्या,

"माका हौस इली."

राजाराम चहा न घेता उठून गेले. आयुष्यात ज्या बाईने एक हौस केली नाही, तिने हा बोल निमूटपणे पदरात घेतला होता आणि तो तसाच जन्मभर सांभाळणार होती. क्षमाने चहा गाळून पहिला कप सासूच्या हातात दिला आणि तिथेच, पोर मांडीवर असतानाच, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.