खिडकीतला पंच

राज्यघटना लागू झाली त्या साली इच्छापूरजवळच्या एका गावात न्यायपंचायत आली. पाच पंच निवडून आले. त्यांतला एक महारवाड्यातला कौतिक. त्याला उभं केलं होतं मास्तर वसंतानं. वसंत बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेतला, पंचायतीचा चिटणीसही तोच. बाकीचे चौघे म्हणाले, न्याय आम्हाला मान्य आहे, फक्त कौतिक आमच्या सतरंजीवर बसायला नको.

जे चालतं तेच खरं, हे वसंताचं तत्त्वज्ञान. त्यानं तोड काढली. कौतिक बाहेर खिडकीशी उभा राहील, मत द्यायचं झालं की हात आत घालील. घटनाही बाटत नाही, सतरंजीही.

"वरीसभर सोस," तो कौतिकला म्हणाला. "आधी गाडी चालू दे. दार मग उघडू."

"तू म्हणतोस तर उभा राहतो, वसंतभाऊ."

आणि गाडी चालली की. बांधाचे, बैलांचे, केळीच्या पाण्याचे तंटे मिटले. पावसाळ्यात पंचायतीनं एकमतानं कौतिकला छत्री मंजूर केली. त्या ठरावाला त्याचाही हात वर होता, भिजलेला. तपासणीला आलेले साहेब खिडकी पाहून म्हणाले, हवा छान खेळते.

मग मालूबाईचा दावा आला. ती कौतिकची शेजारीण. विहीर आता सगळ्यांची, असं वसंतानंच वस्तीत सांगितलं होतं. बाईनं ते खरं धरलं अन् पाण्याला गेली. लोकांनी घागर फोडली, तिचं मनगट मोडलं.

सरपंच कडू पाटलांनी निवाडा सुचवला: मालूबाईनं माफी मागावी. चार हात वर झाले. खिडकीतून हात आला नाही.

वसंत खिडकीशी जाऊन कुजबुजला, की तू अडलास तर हे पंचायतच मोडतील. एवढं एक सोस.

"उद्या ती विचारील, हात कोणाचा होता," कौतिक म्हणाला. "काय सांगू, खिडकीचा?"

तो चालू लागला. गैरहजर माणसाचा विरोध नसतो, असं पाटील म्हणाले, आणि वसंतानं एकमत जाहीर केलं.

पण कौतिक पुन्हा आलाच नाही, आणि पाचवा पंच नसला की कायद्यानं पंचायतच बसेना. पाटलांच्या स्वतःच्या बांधाचा तंटा अडकला, तेव्हा चौघांनी मुकाट ठरवलं, येऊ द्या त्याला आत. वसंत भर उन्हात महारवाड्यात धावला.

कौतिकनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. तापीचं पाणी, कोसभरावरून आणलेलं.

वसंताचा हात निघाला आणि मध्येच थांबला. फार नाही, श्वासभर. मग त्यानं तांब्या घेतला, घटाघटा प्यायला, निम्मं सदऱ्यावर सांडलं.

"दार उघडलं रे," तो म्हणाला आणि तांब्या परत द्यायला पुढं झाला.

कौतिकनं हात मागं घेतला.

"बरं झालं, गुरुजी. तांब्या खाली ठेवा. मी घेईन उचलून."